तुटलेल्या दांत्याची साक्ष

जगांतील बहुतेक यंत्रांस त्यांचीं नांवें पंडितांनीं दिलीं. परंतु मोटारसायकलीस तिचें मराठी नांव तिच्याच आवाजानें दिलें. खेड्यापाड्यांतील माणसांनीं ती आधीं ऐकली, मग पाहिली, आणि तिला फटफटी म्हटलें. म्हणून फटफटीच्या दुखण्याची हकीकत सांगावयाची, तर ती आवाजापासूनच सुरू करणें योग्य होय. निरोगी फटफटीचा आवाज दूरवरून ओळखूं येतो. तिच्या पोटांतून एखादे दिवशीं करकर असा निराळाच आवाज उठूं लागला, कीं जाणता मालक गाडी थांबवितो. अजाण मालक, घर जवळ आलें आहे असें म्हणून, ती अधिक जोरानें हांकतो.

एक उदाहरण घ्यावें. पाटण खोऱ्यांतील एका वाडीवरचा एक तरुण रोज पहाटे घरोघरचें दूध गोळा करतो आणि जुन्या बुलेट गाडीवरून तें गांवच्या बाजारपेठेंत पोंचवितो. गाडी वडिलांच्या वेळची, चार गिअरांची. दोन्ही बाजूंस चाळीस-चाळीस लिटरांचे कॅन. एके दिवशीं चढावर, गाडी दुसऱ्या गिअरांत असतांना, पेटींतून कट् असा आवाज होतो, मागोमाग करकर सुरू होते, आणि पुढच्या वळणावर मागचें चाक एकाएकीं जागच्या जागीं अडकतें. तरुण क्लच दाबतो, पण चाक सुटत नाहीं. गाडी घसरते, दूध सांडतें, माणूस मात्र सुदैवानें वांचतो.

दुपारीं गाडी टेंपोंतून कराडच्या एका गॅरेजांत येते. झांकण उघडतांच दिसतें, कीं दुसऱ्या गिअरच्या चक्राचे दोन दांते मुळासकट गेले आहेत. तरुण म्हणतो, "मिस्त्री, तेवढं चक्र बदला आणि गाडी द्या. उद्यां पहाटेची खेप चुकली तर गिऱ्हाईक दुसऱ्याकडं जाईल." म्हातारा मिस्त्री हात पुसतो आणि विचारतो, "चक्र बदलायला कितीसा वेळ लागतोय, दादा? पण गेल्या सालीं दुसरीकडं हेंच चक्र बदललं होतं, असं तुम्हीच सांगतां. मग तें पुन्हां तुटलं कशानं?"

ह्या एका प्रश्नांत दुरुस्तीचें सारें शास्त्र सांठविलेलें आहे. मोडलेला भाग काढून नवा बसविणें ही अदलाबदल झाली. तो भाग कां मोडला तें शोधून तें कारण नाहींसें करणें, ही दुरुस्ती.

ह्या गाडीचा वंशवृत्तांत थोडक्यांत असा आहे. बुलेट हें नांव इंग्लंडांतील रेडिच येथील रॉयल एन्फील्ड कंपनीनें इ. स. १९३२ मध्यें प्रथम आपल्या गाडीस दिलें. इ. स. १९५५ मध्यें मद्रास, म्हणजे आजचें चेन्नई, येथें एन्फील्ड इंडिया ही कंपनी निघाली व ३५० सी. सी. ची बुलेट ह्या देशांत जोडली जाऊं लागली. पुढें तिचे भागहि येथेंच बनूं लागले. विलायतेंतील मूळ गाड्यांचें उत्पादन इ. स. १९७० मध्यें थांबलें, पण मद्रासची बुलेट चालत राहिली. तिची चार गिअरांची पेटी मूळ बर्मिंगहॅम येथील अल्बियन कंपनीच्या घडणीची. इंजिनाच्या पाठीस बोल्टांनीं आवळलेली स्वतंत्र पेटी. उजव्या पायाचा गिअर, पहिला वर आणि पुढचे तीन खालीं. आणि टांच मारली कीं वरच्या गिअरांतून थेट न्यूट्रलवर आणणारी एक लहानशी जादा खिट्टी, हीं तिचीं लक्षणें होत. कालांतरानें कारखान्यानें डाव्या पायाची, पांच गिअरांची पेटी आणली, आणि जुनी पेटी नव्या कारागिरांच्या हातीं क्वचित् येऊं लागली.

पेटीचें काम शाळेंतील साध्या त्रैराशिकानें समजतें. सोळा दांत्यांच्या चक्रानें बत्तीस दांत्यांचें चक्र फिरविलें, तर मोठें चक्र अर्ध्या वेगानें परंतु दुप्पट जोरानें फिरतें. वेग द्यावयाचा आणि त्याच्या बदल्यांत जोर घ्यावयाचा, असा हा रोखठोक व्यवहार आहे. जुन्या बुलेटच्या पहिल्या गिअरांत पेटी वेग सुमारें पावणेतीन पटींनीं उतरविते आणि जवळजवळ तितक्याच पटींनीं जोर चढविते. म्हणूनच ऐंशी लिटर दूध आणि एक माणूस घेऊन ती घाट चढूं शकते.

पेटीच्या आंत दोन दांडे एकमेकांस समांतर असतात. एक मुख्य दांडा. त्यावर इंजिनाची शक्ति क्लचमधून येते. दुसरा जोडदांडा, ज्यास गॅरेजांत ले शाफ्ट म्हणतात. मुख्य दांड्याच्या एका टोंकावर एक पोकळ चक्र असतें. दांडा त्याच्या पोटांतून आरपार जातो, आणि मागच्या चाकाची चेन ह्या पोकळ चक्रावर बसविलेल्या स्प्रॉकेटावरून निघते. पहिल्या तीन गिअरांत शक्ति मुख्य दांड्यावरून जोडदांड्यावर उतरते आणि तेथून पोकळ चक्रावर जाते. चौथ्या गिअरांत मुख्य दांडा व पोकळ चक्र एकमेकांत अडकून सरळ एकजीव फिरतात. चक्रांच्या कडेवर जाड खुंटे असतात, त्यांस डॉग म्हणतात. गिअर बदलतांना फोर्क नांवाचा चिमटा चक्राला सरकवितो आणि एकाचे खुंटे दुसऱ्याच्या खांचांत जाऊन बसतात.

आतां त्या वळणावर काय घडलें हें कळूं शकेल. जोडदांडा आणि पोकळ चक्र ह्यांचे दांते सदैव एकमेकांत गुंतलेले असतात, आणि पोकळ चक्र चेनच्या द्वारें मागच्या चाकाला जखडलेलें असतें. तुटलेल्या दांत्याचा तुकडा ह्या दोहोंच्या मध्यें सांपडला, कीं मागचें चाक थांबलेंच म्हणून समजावें. क्लच दाबल्यानें इंजिन तेवढें सुटतें. पण अडथळा क्लचच्या पलीकडे, चाकाच्या बाजूस असल्यामुळें स्वारास कांहींच करतां येत नाहीं. गिअरपेटीची दुरुस्ती हा केवळ खर्चाचा प्रश्न नव्हे, तो हाडामांसाचा प्रश्न आहे, तो ह्यासाठीं.

मिस्त्री पेटी मोकळी करण्यापूर्वीं आंतील तेल एका पसरट थाळींत काढून घेतो. ह्या जुन्या पेट्या तेल गाळतात, म्हणून त्यांत ग्रीज आणि तेल ह्यांचें मिश्रण घालण्याची वहिवाट होती. येथें मात्र गळती थांबविण्यासाठीं कोणीं तरी नुसतें घट्ट ग्रीज कोंबलेलें होतें. वरवर पाहतां पेटी भरलेली दिसते. परंतु चक्रांनीं एकदां बाजूस फेकलेलें घट्ट ग्रीज परत येत नाहीं. पावसाळ्यांत चिखलाच्या रस्त्यांतून बैलगाड्या गेल्या म्हणजे चाकोरी पडते, तशीच चाकोरी ग्रिजांत पडते, आणि भरलेल्या पेटींत चक्रें कोरडीं फिरतात. थाळींतील ग्रिजावर सोन्याची पूड पसरल्यासारखी चमक होती. तें सोनें नव्हे, कांसें होतें. म्हणजे दांड्याच्या टोंकाखालचें कांशाचें बुश झिजून झिजून ग्रिजांत मिसळलें होतें.

मग पेटी मोकळी झाली. एकेक वॉशर ज्या क्रमानें निघाला त्याच क्रमानें मिस्त्रीनें तो तारेंत ओवून ठेवला. तुटलेले तुकडे धुऊन, एका कागदावर मांडून, ते चक्राच्या खांडांशीं जुळवून पाहिले. एक तुकडा कमी भरला. मुलगा म्हणाला, "एवढ्याशा तुकड्यानं काय होतंय?" मिस्त्रीनें उत्तर दिलें नाहीं. तो पेटीच्या तळाशीं तार फिरवीत राहिला, आणि अर्ध्या घटकेनें ज्वारीच्या दाण्याएवढा तो तुकडा एका कोपऱ्यांतील ग्रिजांतून बाहेर आला. तुकड्यांचा हिशोब पुरा होईपर्यंत पेटी बंद करूं नये, हा ह्या धंद्याचा पहिला नियम होय. आंत राहिलेला दाणाच उद्यां नवें चक्र फोडतो.

ह्यानंतर साक्षीदारांची तपासणी. तुटलेल्या दांत्याचा भंग पाहणाऱ्यास पुष्कळ कांहीं सांगतो. एकाच फटक्यानें जो दांता तुटतो, त्याचा भंग सगळा दाणेदार आणि चकचकीत असतो. येथें तसें नव्हतें. भंगाचा एका कडेचा भाग गुळगुळीत व काळसर होता, आणि उरलेला तेवढा दाणेदार होता. अर्थ उघड होता. भेग फार दिवसांची. ती रोज थोडथोडी वाढत गेली, आणि राहिलेली धातु जेव्हां भार पेलण्यास अपुरी पडली, तेव्हां ती त्या चढावर एकदम तुटली. तो चढ दोषी नव्हता आणि दुधाचे कॅनहि दोषी नव्हते. शिवाय, शाबूत राहिलेल्या दांत्यांवर घांसल्याची चमक दांत्याच्या सबंध रुंदीवर नसून फक्त एका टोंकास होती. म्हणजे दांते एकमेकांवर सपाट टेकत नव्हते, कोपऱ्यावर टेकत होते. बुश झिजल्यामुळें जोडदांडा कलला. दांडा कलल्यामुळें सगळा भार दांत्याच्या कोपऱ्यावर आला. आणि त्या कोपऱ्यांतून भेग सुरू झाली. गेल्या वर्षीं बसविलेलें चक्र नवें होतें, पण ज्या दांड्यावर तें बसलें तो कललेलाच राहिला होता. त्यामुळें त्याची गतिहि पहिल्यासारखीच झाली.

दुसरी गोष्ट पेटीच्या कवचाची. तुकडा चक्रांत सांपडला, तेव्हां त्याचा दणका ॲल्युमिनियमच्या कवचालाहि बसला होता. नुसत्या डोळ्यांना कांहीं दिसत नव्हतें. मिस्त्रीनें कवच धुतलें, त्यावर रॉकेल चोपडलें, कांहीं वेळानें कोरड्या फडक्यानें स्वच्छ पुसलें, आणि शाळेंतला पांढरा खडू त्यावर घांसला. थोड्याच वेळांत पांढऱ्या पृष्ठभागावर एक बारीक ओली रेघ उमटली. भेगेंत शिरलेलें रॉकेल खडूनें बाहेर ओढून घेतलें होतें. ती रेघ बुशाच्या बैठकीपासून बोटभर अंतरावर थांबली होती. ती बैठकींतून गेली असती, तर हें कवच टाकून देणेंच शहाणपणाचें ठरलें असतें. कारण जेथें दांड्याचा भार टेकतो, तेथें सांधलेल्या धातूवर विश्वास ठेवतां येत नाहीं. येथें मात्र तें वांचवितां येण्यासारखें होतें. जुन्या ॲल्युमिनियमच्या रंध्रांत वर्षानुवर्षें तेल मुरलेलें असतें. तें धुऊन व तापवून काढल्याशिवाय वेल्डिंग धरत नाहीं, त्यांत बुडबुडे राहतात. म्हणून कवच आधीं वारंवार धुतलें, तापविलें, भेगेची कडा कानशीनें उघडी केली, मग आर्गन वायूच्या वेल्डिंगनें ती भरून घेतली, आणि शेवटीं तापण्यानें बैठक वांकडी झाली नाहीं ना, हें लेथवाल्याकडून मोजून आणलें.

कवच वेल्डिंगनें सांधतां येतें, मग दांतेहि तसेच भरून कां घेऊं नयेत, असें तरुणानें विचारलें. स्वस्त उपाय म्हणून पुष्कळ ठिकाणीं तें केलेंहि जातें. परंतु गिअरचें चक्र साध्या लोखंडाचें नसतें. त्याच्या पृष्ठभागास कार्बन देऊन व पाणी चढवून तो अतिशय कठीण केलेला असतो, आणि आंतला गाभा मुद्दाम चिवट ठेवलेला असतो. वरचें काठिण्य झीज थांबवितें, आंतला चिवटपणा दणके सोसतो. हा कठीण थर बहुधा एक मिलिमीटरहूनहि कमी जाडीचा असतो. वेल्डिंगच्या आंचेनें ही सारी व्यवस्था बिघडते. भरलेला दांता एक तर मऊ राहून झिजतो, नाहीं तर कांचेसारखा ठिसूळ होऊन मोडतो, आणि मोडतो तो पुन्हां एखाद्या वळणावरच.

म्हणून चक्र नवें घेतलें, आणि एकटें न घेता जोडीनें घेतलें. कारण कोपऱ्यावर झिजलेल्या जुन्या सोबत्याबरोबर नवें चक्र फार काळ नांदत नाहीं. जुन्या बुलेटचे भाग आजहि मिळतात, पण सर्वच सारख्या प्रतीचे असतात असें नव्हे. मिस्त्रीनें दुकानांतून आलेल्या पहिल्या जोडीच्या कडेवर कानस ओढून पाहिली. चांगल्या कठीण चक्रावरून कानस घसरते. येथें ती चावली. ती जोडी त्यानें तशीच परत केली. दुसरी जोडी कोल्हापूरच्या उद्यमनगराकडून येण्यास दोन दिवस लागले. तरुण मनांतून चरफडला. पण कानस घसरतांना त्यानें स्वतःच्या हातानें पाहिली, तेव्हां गप्प बसला.

बुश लेथवर कांशाच्या कांबीपासून कातून घेतलें. तें बसविण्याची युक्ति मात्र घरांतल्या चुलीपाशीं समजण्यासारखी आहे. धातु तापली म्हणजे पसरते, आणि ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट पसरतें. पन्नास मिलिमीटर व्यासाची ॲल्युमिनियमची बैठक ऐंशी अंशांनीं अधिक तापविली, तर तिचा व्यास सुमारें नऊ शतांश मिलिमीटरनें वाढतो. ही वाढ माणसाच्या केसाच्या जाडीएवढी. पण तेवढ्यानें काम होतें. भाकरीचा तवा तापला कीं नाहीं हें पाण्याचा थेंब टाकून जसें पाहतात, तसें कवचावर पाणी शिंपडून पाहावें. थेंब चरचरला, कीं थंड बुश किंवा बेरिंग हातानें आंत ठेवावें. तें आपोआप बसतें, आणि कवच निवालें म्हणजे घट्ट धरलें जातें. हें न करतां जे हातोडीनें ठोकून बसवितात, ते बैठक ओरबाडतात, आणि पुढच्या बिघाडाचें बीं त्याच दिवशीं पेरून ठेवतात.

मग फोर्क कांचेच्या सपाट तुकड्यावर ठेवून पाहिला; एका पायाखालून कागद सरकला, म्हणजे तो किंचित् वांकलेला होता. वांकडा फोर्क चक्राला पुरतें सरकवीत नाहीं. त्यामुळें खुंटे अर्धेच गुंततात, त्यांचीं टोंकें गोलावतात, आणि गिअर भर चढावर आपोआप सुटूं लागतो. तोहि बदलला. पोकळ चक्राचें बेरिंग खडखडत होतें. त्याचें कारण विचारतां विचारतां असें निघालें, कीं तरुण गाडी रिकामी असतांना चेन ताणून घट्ट करीत असे. गाडीवर ओझें चढलें म्हणजे मागची बाजू दबते आणि चेन आणखी ताणते. मग ती ताणलेली चेन पोकळ चक्राला रात्रंदिवस मागें खेंचीत राहते. चेनचा ढिलेपणा पूर्ण ओझ्यासकट पाहावयाचा असतो, ही गोष्ट त्याला कोणीं सांगितलीच नव्हती.

दांडे व चक्रें पुन्हां जागेवर आलीं. तारेंत ओवलेले वॉशर क्रमानें परत गेले, आणि दांडा मोकळा फिरावा पण मागेंपुढें हालूं नये एवढ्याच बेतानें त्यांची जाडी निवडली. पेटीस इंजिन जोडण्यापूर्वीं मिस्त्रीनें एका हातानें स्प्रॉकेट फिरवीत दुसऱ्या हातानें प्रत्येक गिअर घालून पाहिला. चक्रें थांबलेलीं असतांना खुंटा खांचेसमोर येईलच असें नाहीं. म्हणून न फिरवितां गिअर पडला नाहीं तर घाबरूं नये, आणि जोर तर मुळींच करूं नये. पहिला, न्यूट्रल, दुसरा, तिसरा, चौथा, आणि पुन्हां उलट, असें वीस वेळां केलें. करकर नाहीं, अडखळणें नाहीं. तेव्हां कोठें झांकण बंद झालें, आणि पेटींत पातळ ग्रीज व तेल ह्यांचें ठरल्या प्रमाणाचें मिश्रण पडलें.

ह्या सर्वांस आठ दिवस लागले. आठ दिवस तरुणाचे दूध त्याच्या चुलतभावानें नेलें. दोन गिऱ्हाइकें तुटलीं, त्यांतलें एक परत आलें. गेल्या वर्षीं तेंच काम एका दुपारींत झालें होतें. वरवर पाहणारा म्हणेल, कीं पहिला कारागीर हुशार. परंतु त्या एका दुपारीची किंमत वर्षानें त्या वळणावर वसूल झाली, आणि ती दुधावर भागली हें दैव.

मिस्त्रीनें गाडी देतांना एकच अट घातली होती. दोनशें किलोमीटर झाल्यावर ओझें न घेतां परत यावें. ठरल्याप्रमाणें तरुण आला. मिस्त्रीनें पेटींतील तेल पांढऱ्या चिनी मातीच्या बशींत काढलें, आणि बशी उन्हांत धरली. तेलांत करड्या रंगाची अगदीं बारीक गाळसर छटा होती. नवीं चक्रें एकमेकांस रुळतांना तेवढी येतेच. मग त्यानें बशींत लोहचुंबक फिरवून पाहिला. टोंकास चिकटलें तें मऊ काजळीसारखें होतें, खपली नव्हती. शेवटीं त्यानें बशी तिरपी करून तळ पाहिला. सोनेरी कण एकहि नव्हता. त्यानें बशी तरुणाच्या हातीं दिली आणि म्हटलें, "आतां तुम्हीच पाहा." तरुणानें पाहिलें, बशी खालीं ठेवली, आणि नवें तेल ओतण्यासाठीं बाटली स्वतः उचलली.